सुई, सूत आणि पुस्तक : दारासुरम्‌च्या निमित्ताने

कुंभकोणम्‌हून तंजावरच्या रस्त्याला लागले म्हणजे तीन-चार किलोमीटरांवर दारासुरम् येते. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या ऐरावतेश्वराच्या मंदिरासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. २००४ साली तंजावर आणि गंगैकोंडचोळपुरम् येथील मंदिरांच्या जोडीला त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हापासून परदेशी प्रवाशांचीही तेथे वर्दळ असते. दक्षिणेत बदलून आलेला मराठी अधिकारी एखाद्या रविवारी सहकुटुंब तेथे जातोच. रथाच्या आकाराचा मंडप, त्याची दगडी चाके व घोडे, एकाच मस्तकात बैल आणि हत्ती दोन्ही दाखवणारे ते चतुर शिल्प, हे पाहून मंडळी परततात. खांबांच्या चौकटींत कोरलेल्या वीतभर नर्तकी, वेलींची वळणे आणि भिंतींतील दगडी जाळ्या पाहताना बरोबरच्या स्त्रियांपैकी कोणीतरी "अगदी भरतकाम केल्यासारखे आहे हो!" असे म्हणून जाते. हे उद्गार सहज निघालेले असतात; पण दारासुरम्‌पुरते ते वाटते त्याहून अधिक नेमके आहेत. कारण हे गाव जसे दगडाचे, तसेच सुताचेही आहे. येथे रेशमाचे हातमाग आहेत, आणि ते चालवणारे विणकर बहुतांशी सौराष्ट्री समाजाचे आहेत.

या समाजाला तमिळ लोक 'पट्टुनूलकारर्', म्हणजे रेशमाच्या सुताचे लोक, म्हणत आले. त्यांची घरातील भाषा आर्यकुलातील असून तिच्यावर मराठीचा ठसा स्पष्ट आहे. विणकर आपसांत आकडे मोजू लागला की मराठी माणसाचे कान टवकारतात. गुजरातेतून देवगिरी, तेथून विजयनगर आणि मग मदुरेकडे आपण आलो, अशी त्यांची परंपरा सांगते. रेशीम विणणाऱ्यांच्या अशा स्थलांतराचा एक जुना लेखी पुरावा मंदसोरच्या शिलालेखात आहे. लाट देशातील पट्टवायांची एक श्रेणी दशपुरास येऊन राहिली, तिने ४३७ साली तेथे सूर्याचे मंदिर बांधले आणि ४७३ साली त्याचा जीर्णोद्धार केला, असे वत्सभट्टीने त्यात नोंदवले आहे. त्या श्रेणीचा आणि कावेरीकाठच्या आजच्या विणकरांचा संबंध परंपरेने आणि अनुमानाने जोडला जातो, एवढेच म्हणणे रास्त होय. माझे लक्ष मात्र त्या लेखातील दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. नव्या गावी आल्यावर त्या विणकरांतील कोणी धनुर्विद्या पत्करली, कोणी ज्योतिष, कोणी कथाकथन. बाकीचे आपल्या मूळ धंद्यातच राहिले. म्हणजे माणसे हलली तशी विद्याही हलली, आणि ज्यांनी धंदा सोडला त्यांच्यापुरती ती तेथेच थांबली. हातांत राहणाऱ्या विद्येचे हे असे असते. ती हातांबरोबर जाते आणि हातांबरोबर संपते.

ती कागदावर उतरवता आली तर? पुस्तकातली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन यांना एकाच पंगतीला बसवणारे सुभाषित आपण शाळेत पाठ केलेले असते, त्यामुळे पुस्तकाने हातकाम शिकणे या कल्पनेकडे आपण थोड्या उपहासानेच पाहतो. पोहणे, स्वयंपाक आणि शिवण ही पुस्तकाने येत नाहीत, असे वडीलधारी माणसे सांगतात. तरीही सुईकामाची पुस्तके जगात पाचशे वर्षे छापली जात आहेत, आणि त्यांच्या आधाराने शिकलेल्या स्त्रियांची संख्या थोडी नाही. ज्या कामात डोळ्याने पाहून हाताने उचलावे लागते ते काम अक्षरांत बसले कसे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे निम्मे उत्तर दारासुरम्‌सारख्या गावातील मागावरच टांगलेले सापडते.

जरीकाठाचे रेशमी लुगडे विणताना काठातील मोर किंवा रुद्राक्ष उमटवायचा तर ताण्याचे नेमके कोणते धागे केव्हा वर उचलायचे हे प्रत्येक फेकीला ठरवावे लागते. पूर्वी हे काम मागाला बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्याने होई. जो दोरा ओढायचा तो मदतनीस मुलगा ओढी, आणि कोणता दोरा कधी ओढायचा हे त्याच्या आणि विणकराच्या डोक्यात असे. १८०४ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरी जाकार याने जे यंत्र सिद्ध केले त्यात ही आठवण पुठ्ठ्यावर आली. प्रथम चौकटींच्या कागदावर नक्षी काढायची. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. मग प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक पुठ्ठा घ्यायचा आणि जेथे धागा उचलायचा तेथे भोक पाडायचे. पुठ्ठे एकाला एक ओवून त्यांची माळ मागावर चढवली की माग ती वाचत जातो. भोक असले तर धागा वर, नसले तर खाली. आपल्या हातमागांवरही हे यंत्र पुढे रूढ झाले, आणि आता नक्षीचा आराखडा संगणकावर करण्याचीही सोय झाली आहे. पण त्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे नीट पाहिले तर ते एक पुस्तकच आहे, हे ध्यानात येते. त्याला पाने आहेत, ओळ आहे, आरंभ आणि शेवट आहे. त्याची लिपी मात्र भोकांची आहे.

भोकांच्या लिपीची आपल्याला अपूर्वाई वाटायचे कारण नाही. आपल्या आया-आज्या वर्तमानपत्राचा कागद दुमडून पेटत्या उदबत्तीने त्याला सारख्या अंतरावर भोके पाडीत आणि दारात तो कागद अंथरून वरून रांगोळी फिरवीत. कागद उचलला की जमिनीवर ठिपक्यांची चौकट तयार. तमिळ घरांपुढे पहाटे कोलम् घालणाऱ्या बायकांना या कागदाची गरज पडत नाही, त्यांची चिमूट ठिपके मोजूनच टाकते. पण तत्त्व एकच आहे. जरदोजीचा कारागीर खाका करतो तोही असाच. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघांवर सुईने टोचे मारायचे, कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली पूड फिरवायची. नक्षी ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते आणि तोच खाका पुन्हा पुन्हा वापरता येतो.

युरोपातील सुईकामाच्या पुस्तकांचा जन्म याच टोचणीतून झाला. १५२४ च्या सुमारास जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे शोन्सपेर्गर नावाच्या मुद्रकाने भरतकामाच्या व विणकामाच्या नमुन्यांचे पुस्तक छापले. पाठोपाठ कोलोन, व्हेनिस, पॅरिस येथे अशी पुस्तके भराभर निघू लागली. त्यांत शिकवणारा मजकूर जवळजवळ नसे, नुसत्या आकृत्या असत. पागानीनो या इटालियन छापखानदाराच्या पुस्तकात मात्र एक चित्र आहे, त्यात चार स्त्रिया नक्षी कापडावर उतरवण्याच्या निरनिराळ्या रीती दाखवताना दिसतात; एकजण खिडकीच्या उजेडाशी कागद धरते, दुसरी मेणबत्तीशी. १५८७ मध्ये पॅरिसला विंचोलो या व्हेनिसच्या माणसाने जाळीकामाच्या आकृत्यांचे पुस्तक काढले, त्याच्या पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आणि तरीही या शेकड्यांनी छापलेल्या पुस्तकांच्या प्रती आज फार थोड्या उरल्या आहेत. कारण त्यांचे वाचन सुईने होत असे. पान फाडून कापडावर ठेवायचे, रेघांवर टोचे मारायचे, पूड घासायची. दहा-वीस वेळा असे झाले की पानाची चाळण होई. ज्या पुस्तकाचा उपयोग झाला ते नष्ट झाले आणि ज्याला कोणी हात लावला नाही ते आज संग्रहालयात काचेखाली आहे. ग्रंथपालांना हे कसे वाटते ते मला ठाऊक नाही. मला स्वतःला मात्र कोणत्याही ग्रंथाला यापेक्षा मोठा मान मिळाल्याचे आठवत नाही.

टोचलेल्या कागदाने नक्षी उतरते, टाका उतरत नाही. रेघ कुठे जायची ते कळले, पण सुई कापडाच्या वरून आत घालायची की खालून वर काढायची, सूत अंगठ्याखाली धरायचे की मोकळे सोडायचे, हे आकृती सांगत नाही. तेथे शब्द लागतात आणि ते शब्द घडवायला फार काळ गेला. फ्रान्सच्या राजदरबारी नक्षी काढणारा सेंत-ओबँ याने १७७० मध्ये 'भरतकाम करणाऱ्याची कला' या विषयावर जो ग्रंथ लिहिला, तो हातांच्या हालचाली शब्दांत मांडण्याचा एक मोठा प्रयत्न होता. पण तो पंडितांसाठी होता. घरातल्या बाईसाठी खरी वाट मोकळी झाली ती मोजणीने. १८१० च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंग भरून नकाशे विकले जाऊ लागले. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकटीचा रंग तोच लोकरीचा रंग. ज्याला दहापर्यंत मोजता येते त्याला ते वाचता येत होते. कलावंतांनी या नकाशांची पुष्कळ निंदा केली, आणि गुलाबाची फुले व कुत्र्यांची तोंडे यांचा जो महापूर त्यातून आला तो पाहता ती निंदा अगदीच अस्थानी नव्हती. पण जिला शिकवायला शेजारी कोणी नाही अशा स्त्रीच्या हाती पहिल्यांदा काहीतरी स्वतंत्रपणे आले, हे निंदकांच्या नजरेतून सुटले.

आता थोडे तंजावरकडे वळू. व्यंकोजी राजांनी १६७६ मध्ये तेथे मराठी गादी स्थापिली, तेव्हापासून १८५५ मध्ये शेवटचे शिवाजी राजे निपुत्रिक वारेपर्यंत कावेरीच्या मुखाकडचा हा प्रदेश मराठीत कारभार करीत होता. त्या दरबाराचा, आणि विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांचा (१७७७-१८३२), स्वभावच असा की जे हाताने होते ते कागदावर यावे. त्यांच्या कारकिर्दीत 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी पुस्तक सिद्ध झाले. सरस्वती महालात हत्तींच्या शास्त्राची सचित्र पोथी आहे, वैद्यकाचे अनुभवलेले प्रयोग लिहून ठेवलेले आहेत, युरोपातून मागवलेले ग्रंथ हजारांनी आहेत. १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुण्या-मुंबईत मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता तेव्हा, तंजावरच्या दरबारी मुद्रणालयात देवनागरी खिळ्यांनी 'बालबोध मुक्तावली' छापली गेली. कुंभकोणम्‌च्या मराठी घराण्यांत ही लिहिण्याची शिस्त मुरली. राजा सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले, आणि ज्या तपशिलाने त्यांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथील दिवाणगिरी केली त्याचे मूळ कोठे होते हे वेगळे सांगायला नको. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने पाकशास्त्राच्या त्या पुस्तकाचे मोल असे की स्वयंपाकासारखी चुलीपाशीच शिकायची गोष्ट लिहून ठेवण्यात दरबाराला कमीपणा वाटला नाही. आचारी काय घेतो, किती घेतो, आधी काय टाकतो आणि नंतर काय, हे क्रमाने सांगितले की कृती बनते. शिवणाच्या पुस्तकाचा साचा हाच आहे.

तंजावरच्या मुलुखात सुईचे स्वतःचे असे काम पुष्कळ आहे. देवळांच्या रथांना लोंबणारी 'तोंबै' नावाची कापडी नळकांडी येथील शिंपी करतात. रंगीत कापडाच्या व्याळ, मोर, कमळ अशा आकृती कापून त्या दुसऱ्या कापडावर टाचायच्या हे त्याचे तंत्र. हे काम बापापासून मुलाकडे जात राहिले. याच्या उलट टोकाला, कन्याकुमारीजवळ नागरकोइल येथे, १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईने मुलींना लेस विणायला शिकवायला सुरुवात केली. ही लेस उशीवर विणतात. उशीवर टोचलेला कागद टाचायचा, त्याच्या भोकांत टाचण्या रोवायच्या आणि लाकडी चात्यांवरचे सूत त्या टाचण्यांभोवती गुंफत जायचे. पुन्हा तेच भोकांचे पुस्तक! शिकणाऱ्यांत दास्यात जन्मलेल्या मुली होत्या, आणि लेसच्या कमाईतून काहींनी आपली सुटका करून घेतल्याचे मिशनच्या लेखनात नमूद आहे. त्रावणकोरात दास्य कायद्याने बंद झाले ते १८५५ मध्ये. त्या मुलींच्या दृष्टीने टोचलेला कागद हा केवढा दस्तऐवज होता याची कल्पना करावी.

महाराष्ट्रात मात्र सुईला आरंभी वेगळ्याच भांडणात ओढले गेले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा म्हणून नावाजले. १८८७ मध्ये 'मराठा' पत्राने त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना इंग्रजी पद्धतीचा एवढा अभ्यास कशाला, मातृभाषा, नीतीचे शिक्षण आणि शिवणकाम पुरे, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे सुई येथे शिक्षणाचे कुंपण म्हणून पुढे केली गेली. मुलीच्या हातात सुई असली म्हणजे पुस्तक राहणार नाही, असा काहीसा हिशेब त्यात होता. टीका करणारांच्या देशभक्तीविषयी कोणाला शंका नाही, पण या बाबतीत त्यांचा हिशेब चुकला असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. कारण पुढच्या पंचवीस वर्षांत त्याच पुण्यात सुईनेच अनेक स्त्रियांना पुस्तकापर्यंत आणले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन सुरू केले, तेव्हा प्रौढ बायका आणि विधवा घराबाहेर पडायला जी निमित्ते सांगत त्यांत शिवणाचा वर्ग हे सर्वांत निरुपद्रवी होते. शिवणाला जाते म्हटले की सासरचे फारशी हरकत घेत नसत. वर्गात मापे लिहून घ्यावी लागत, मापे लिहायची म्हणजे आकडे आणि अक्षरे आली. आणि एकदा अक्षरे आली की पुढचा वर्ग शेजारच्याच खोलीत होता. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातही शिवण, विणकाम आणि छापखाना ही एकाच आवारातील कामे होती.

शिवणाला आकडे का लागावेत, याचेही एक कारण त्या काळातच घडले. आपली जुनी चोळी घरीच बेतली जाई. खणाचे काठ बाहीला कसे येतील, पाठ एका तुकड्यात कशी निघेल, पुढच्या गाठीपुरते कापड किती सोडायचे आणि वाया जाणारी चिंधी कशी वाचवायची, हे आई मुलीला खण अंथरूनच दाखवी. 'बेतणे' हा आपल्या भाषेतील फार सुंदर शब्द आहे. कापड कात्रीला लावण्याआधी जे मनात होते त्याला आपण बेत म्हणतो आणि कापण्यालाही बेतणे म्हणतो. दोन्ही क्रियांमध्ये फार अंतर नाही, हे भाषेने आधीच ओळखले आहे. चोळीच्या बेताला फीत लागत नव्हती. पण पोलके आणि झंपर आले, त्यांच्याबरोबर गळ्याचे आकार, खांद्याचा उतार, बटणे आणि काजी आली. हे कापड अंगावरच्या नुसत्या अंदाजाने बेतता येईना. विलायती शिंप्यांनी १९ व्या शतकाच्या आरंभापासून इंचांच्या फितीने माप घेऊन छातीच्या घेराच्या हिश्शांत सारे अंग बसवण्याची रीत काढली होती; छातीचा चौथा हिस्सा अमुक ठिकाणी, बारावा हिस्सा तमुक ठिकाणी. ही रीत गणिताची असल्यामुळे पुस्तकात बसली. मुंबईच्या झारापकरांच्या पद्धतीची पुस्तके याच वाटेवरची, आणि त्यांनी महाराष्ट्रात शिंप्यांबरोबर किती गृहिणींनाही बेतायला शिकवले हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारून पाहावे. आईची चोळी हाताने शिकता येत होती. मुलीच्या झंपराला पुस्तक लागले. पुस्तक आले म्हणून हात विसरले असे जे म्हणतात, त्यांनी पोशाख आधी बदलला होता हे ध्यानात घ्यावे.

दुसरी मोजणी सुताची. १८८६ मध्ये तेरेझ द दिल्मों या ऑस्ट्रियात जन्मलेल्या बाईने सुईकामाचा विश्वकोश प्रसिद्ध केला. साध्या शिवणापासून लेसपर्यंत सर्व काही त्यात आकृत्यांसह आहे. अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि अजूनही तो वापरला जातो. हा ग्रंथ बाईंनी म्युलूझच्या डी. एम. सी. या सूत बनवणाऱ्या जुन्या कंपनीशी हातमिळवणी करून काढला. त्यामुळे प्रत्येक कृतीखाली कोणत्या क्रमांकाचे सूत आणि कोणत्या क्रमांकाचा रंग घ्यावा हे लिहिलेले असते. व्यापाऱ्याची ही युक्ती उघड आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट साधली. पुस्तकाने शिकवायचे तर शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या हातांत एकच वस्तू असली पाहिजे. 'जरा जाडसर, गुलबक्षी रंगाचे सूत' असे लिहून भागत नाही. क्रमांक सांगितला की म्युलूझमध्ये जे सूत निघते तेच कुंभकोणम्‌च्या बाजारात निघते. मराठी स्त्रियांच्या मासिकांतून आणि हस्तकलेच्या पुस्तकांतून हे क्रमांक जसेच्या तसे आले. आणि पेटी उघडून रेशमाच्या लडीवरची चिठ्ठी वाचणारी आपली आत्या किंवा मावशी कोणाच्या स्मरणात नाही?

त्या मासिकांनी मराठीला एक नवी परिभाषाही दिली. टाक्यांची नावे पाहा : धावदोरा, टीप, साखळी टाका, देठाचा टाका, गाठीचा टाका, फुलीचा टाका, काजे टाका. यांतली काही घरची होती, काही बाहेरून येऊन मराठी झाली. लोकरीचे विणकाम तर आपल्या हवेत मुळी नव्हतेच. पण 'दोन सुलट, दोन उलट' हे चार शब्द आज कोणत्याही मराठी घरात समजतात, आणि त्यांतून साठ ओळींचा स्वेटर नुसत्या मजकुराने सांगता येतो. १९३० मध्ये सुरू झालेले किर्लोस्करांचे 'स्त्री' हे मासिक टपालाने दूरदूर जात असे, आणि बदलीच्या गावी नव्याने मांडलेल्या बिऱ्हाडात त्याचे कात्रण हीच कितीकदा एकमेव शिक्षिका असे. शेजारीण तमिळ, तिची भाषा येत नाही. सासू पुण्याला, आई सांगलीला. अशा वेळी बाळाचे टोपडे करायला पुस्तकाखेरीज कोण होते? बदल्यांच्या नोकरीतल्या घरांत विणकामाची वही नवऱ्याच्या सेवापुस्तिकेपेक्षा जपून ठेवली जाते, ती उगाच नव्हे. त्या वहीत छापील कृतीच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या असतात : येथे दोन टाके कमी, येथे आमच्या सुईने सैल येते. हे टिपणच खरे पुस्तक होय, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. छापलेला मजकूर हाताशी जुळवून घेताना जे शिकणे घडते ते त्या कडेच्या अक्षरांत उतरलेले असते.

पुस्तकाला जे साधत नाही तेही सांगितले पाहिजे. सूत किती ताणायचे हे पुस्तक सांगू शकत नाही. 'फार घट्ट नको, फार सैल नको' असे ते सांगते, पण घट्ट म्हणजे किती हे चुरगळलेले कापडच शिकवते. कर्नाटकाच्या सीमेवरील बेळगाव-धारवाड भागात कशिदा म्हणून जे भरतकाम चालते आणि ज्याला कानडीत कसुती म्हणतात, त्याकडे या दृष्टीने पाहावे. त्याला ना ठसा लागतो ना खाका. इरकली लुगड्याच्या विणीतील धागेच मोजायचे, आणि गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती अशा आकृती उभ्या करायच्या. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार टाके. गावंतीची उलट-सुलट बाजू सारखी दिसते. जाताना एक धावदोरा, येताना मोकळ्या जागा भरून दुसरा. कृष्णवर्णी चंद्रकळेवर तांबड्या-पिवळ्या रेशमाचे हे काम ज्याने पाहिले आहे तो ते विसरत नाही. कमला डोंगरकेरी यांनी १९५१ मध्ये भारतीय भरतकामावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यासारख्या ग्रंथांनी या कामाची नोंद केली आणि पुढे चौकटींच्या कागदावर त्याचे नकाशेही निघाले. नकाशा पाहून कोणीही गोपूर भरू शकते. पण जाताना कोणत्या वाटेने गेले म्हणजे परतीच्या वाटेवर एकही जागा रिकामी राहत नाही, हे चौकटी सांगत नाहीत. ते जुन्या लुगड्याचा पदर उलटा करून बोटाने माग काढतच शिकावे लागते. चार टाक्यांतील 'नेगी' या शब्दाचा कानडी अर्थ विणणे असाच आहे. तो टाका सुईने घातलेला असला तरी मागावर आल्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव पडले.

सुई आणि माग यांचे हे नाते सर्वांत उघड होते ते रफूत. दिल्मोंबाईंनी आपल्या विश्वकोशात नक्षीकामाच्या आधीच दुरुस्तीचे प्रकरण घातले आहे, आणि त्यात फाटलेल्या जागी आधी उभे धागे कसे ओढायचे, मग आडवा धागा एकाआड एक वरून-खालून कसा न्यायचा, मूळ विणीत तिरकी रेघ असेल तर किती धागे सोडून पुढे सरकायचे, हे आकृत्यांनी दाखवले आहे. त्या आकृत्या आणि दारासुरम्‌च्या मागासाठी काढलेला चौकटींचा कागद शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे चटकन सांगता येणार नाही. फरक एवढाच की मागाचा कागद पुढे पुठ्ठ्यांवर जातो आणि माग तो वाचतो. रफूचा कागद बाईला एकटीने, दुपारच्या उजेडात, लग्नातल्या लुगड्याच्या जीर्ण काठावर वाचायचा असतो. सूत मिळते-जुळते मिळाले नाही तर त्याच लुगड्याच्या आत दुमडलेल्या टोकातून दोन धागे काढून घेतात. ही सूचना पुस्तकात असो वा नसो, जिने एकदा रफू केले आहे तिला ती कोणी सांगावी लागत नाही.